मुलांमधला संधिवात: शंका येण्यापासून उपचारापर्यंत, पालकांसाठी पायरी-पायरीने

‘माझा गुडघा दुखतोय’ असं लहान मूल स्वतःहून सांगेल, याची वाट बघत बसू नका. दोन-तीन वर्षांच्या मुलाकडे त्यासाठी शब्द नसतात, आणि सांधा हळूहळू सुजत गेला असेल तर थोडं मोठं मूलही त्या अवघडलेपणाला सरावतं. ते तक्रार करत नाही, चालण्या-बसण्याची पद्धत बदलतं. जिना बसून उतरतं. उकिडवं बसायचं टाळतं. पळायला लागलेलं मूल पुन्हा ‘उचलून घे’ म्हणून हात वर करतं, आणि घरातल्यांना वाटतं की लाडावलंय. निदान लांबतं ते बहुतेकदा इथेच.

ज्यांना नुकतीच शंका यायला लागली आहे आणि ज्यांच्या मुलाचं निदान नुकतंच झालं आहे, अशा दोन्ही पालकांसाठी हे लिहितो आहे. डॉक्टरांची जागा हा लेख घेणार नाही. पण घरी काय बघायचं, डॉक्टरांना काय सांगायचं आणि काय विचारायचं, एवढं त्यातून हाती लागावं.

आधी हा आजार आहे तरी काय

सांध्याच्या आत एक पातळ अस्तर असतं. सांधा सुरळीत हलावा म्हणून लागणारा द्रव ते तयार करतं. संधिवातात शरीराची रोगप्रतिकारशक्ती या अस्तरावरच उलटते. अस्तर जाड होतं, द्रव गरजेपेक्षा जास्त साठतो, सांधा सुजतो, गरम लागतो, आखडतो. हा दाह खूप दिवस तसाच राहिला तर आधी कूर्चा आणि मग हाड खराब व्हायला लागतं.

वयाच्या १६ वर्षांच्या आत सुरू झालेला, किमान ६ आठवडे टिकलेला आणि ज्याचं दुसरं कारण सापडत नाही, अशा संधिवाताला ‘जुवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस’ म्हणतात. डॉक्टर बोलताना नुसतं ‘जेआयए’ म्हणतील. साधारण हजार मुलांमागे एकाला हा आजार असतो. लंडनमधले डॉक्टर जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ मध्येच मुलांच्या या आजाराचं सविस्तर वर्णन करून तो मोठ्यांच्या संधिवातापेक्षा वेगळा असल्याचं मांडलं होतं. तरीही ‘एवढ्याशा मुलाला कसला आलाय संधिवात’ हे आजही ऐकू येतं, आणि त्या एका वाक्यात कित्येक मुलांचे महिने वाया जातात.

तो का होतो? काही जनुकांमुळे कल असतो आणि त्यावर बाहेरचं काहीतरी निमित्त होतं, असं मानलं जातं. नेमकं एक कारण सापडलेलं नाही. तो संसर्गजन्य नाही. आईने गरोदरपणात काही केलं किंवा केलं नाही म्हणून तो होत नाही. पडल्यामुळेही होत नाही. बऱ्याच घरांत गोष्ट ‘पार्कात पडला तेव्हापासून’ अशी सुरू होते. खरं म्हणजे मूल पडलं म्हणून कोणीतरी गुडघ्याकडे नीट पाहिलं, आणि आधीपासून असलेली सूज तेव्हा दिसली, असंच पुष्कळदा असतं. मुकामाराची सूज दिवसागणिक उतरत जाते. ती उतरत नसेल तर पडण्यावर खापर फोडून थांबू नका.

मुलांच्या बाबतीत घाई करायचं कारण वेगळंच आहे: त्यांची हाडं वाढत असतात. गुडघ्यातल्या दाहामुळे तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि लहान वयात तो पाय दुसऱ्या पायापेक्षा लांब होऊ शकतो. जबड्याच्या सांध्यात मात्र उलट होतं, हनुवटीची वाढ खुंटते आणि चेहरा एका बाजूला कलल्यासारखा दिसू शकतो. वेळेवर उपचार झाले तर हे दोन्ही टाळता येतं.

पायरी पहिली: सकाळ बघा

एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. संधिवात सकाळी सर्वांत स्पष्ट दिसतो, आणि दवाखान्यात जायची वेळ येते तोवर तो बराचसा लपलेला असतो.

मूल उठल्यापासूनचा पहिला अर्धा-पाऊण तास शांतपणे बघा, मदतीला धावू नका. ते पलंगावरून उडी मारतं की कडेवर सरकत येऊन एक पाय आधी टेकवतं? पहिली पावलं टाकताना गुडघा सरळ होतो का, की किंचित वाकलेलाच राहतो आणि टाच जमिनीला टेकत नाही? बेसिनपाशी उभं राहिल्यावर सगळा भार एकाच पायावर आहे का? ब्रश धरायला किंवा पेस्टचं झाकण फिरवायला कुरकुर करतं का? शर्टाची बटणं कालपर्यंत लावत होतं, आज ‘तूच लाव’ म्हणतंय का? चिडचिड, रडारड, शाळेला नको म्हणणं हे सगळं रोज सकाळीच होतं आणि दहा-अकरा वाजता तेच मूल खेळायला लागतं, असं आहे का?

रात्रभर न हललेला सांधा आखडतो आणि हालचाल सुरू झाली की मोकळा होतो. म्हणून हेच चित्र दुपारच्या झोपेनंतर किंवा गाडीतल्या लांबच्या प्रवासानंतरही दिसतं. मोठ्या मुलांना ‘दुखतंय का’ असं विचारण्यापेक्षा ‘सकाळी अंग किती वेळ जड वाटतं’ असं विचारा. उत्तर जास्त खरं मिळतं.

या आखडलेपणाचा फोनवर व्हिडिओ काढून ठेवा. वीस-तीस सेकंद पुरतात: पलंगावरून उतरणं, पाच-सहा पावलं, जिन्याच्या दोन पायऱ्या. दुपारी चार वाजता तपासणीच्या टेबलावर छान चालून दाखवणाऱ्या मुलाबद्दल डॉक्टरांना पटवून देण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

पायरी दुसरी: सांध्यांवर नजर आणि हात फिरवा

मुलाला उताणं झोपवा, दोन्ही पाय उघडे आणि सरळ. आता दोन्ही गुडघे शेजारी-शेजारी बघा. निरोगी गुडघ्याच्या वाटीच्या दोन्ही बाजूंना, विशेषतः आतल्या बाजूला, हलके खळगे दिसतात. सांध्यात पाणी झालं की हे खळगे भरतात आणि गुडघा गोल, गुबगुबीत दिसतो. बाळसेदार मुलात एकटा गुडघा बघून काही कळत नाही, म्हणून तुलना नेहमी दुसऱ्या बाजूशी करा. तळहाताची मागची बाजू आधी मांडीवर, मग गुडघ्यावर, मग नडगीवर ठेवा. एरवी गुडघा आजूबाजूच्या भागापेक्षा थोडा थंड लागतो, आणि तो तितकाच किंवा जास्त गरम लागला तर ती नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. सांधा लालभडक असेलच असं नाही. या आजारात तो सहसा लाल नसतोच, आणि खूप लाल असेल तर दुसरंच काही असण्याची शक्यता वाढते.

मग टाचा हळूच कुल्ल्यांकडे आणा. एक पाय कमी वाकतो का? पूर्ण सरळ केल्यावर एका गुडघ्याखालून हात जातो आणि दुसऱ्याखालून जात नाही, असं आहे का? मांडीच्या घेरातही फरक दिसू शकतो, कारण वापर कमी झालेल्या बाजूचा स्नायू पटकन बारीक होतो.

बाकीचे सांधे खेळाखेळात बघता येतात. हात जोडायला सांगा आणि कोपरं वर न्यायला सांगा, मनगट आखडलं असेल तर तळवे एकमेकांपासून सुटतात. मुठी घट्ट वळायला सांगा. छताकडे बघायला सांगा. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी तोंडात घालायला सांगा, जबडा धरलेला असेल तर ती जात नाहीत. टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावा. एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजून जाड झालंय का, नखांवर टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत का, हेही बघून ठेवा. त्याचा संबंध पुढे प्रकार ठरवताना येतो.

यातलं काही करताना मूल ओरडलं तर तिथेच थांबा. आपण निदान करत नाही आहोत, डॉक्टरांना सांगण्यासाठी नोंद करतो आहोत.

पायरी तिसरी: वही

तारीख, कोणता सांधा, सकाळचं आखडणं किती मिनिटं, ताप असला तर किती आणि कोणत्या वेळी, अंगावर काही उमटलं का, गेल्या महिन्याभरात घसा दुखला, जुलाब झाले, विषाणूचा ताप आला, असं काही होतं का. घरात कोणाला सोरायसिस, आतड्याचा जुनाट दाह, कंबर आखडण्याचा आजार किंवा डोळ्यांचा दाह आहे का, हेही लिहा. एवढं पुरे.

पायरी चौथी: दुसरं काय असू शकतं, आणि कधी थांबायचं नाही

मुलांच्या पायदुखीत संधिवात निघण्यापेक्षा न निघण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. सर्वांत नेहमीचं म्हणजे वाढीच्या वयातलं पाय दुखणं. ते संध्याकाळी किंवा रात्री येतं, दोन्ही पायांत असतं, पोटरीत, नडगीत, मांडीत असतं, म्हणजे सांध्यात नसतं. चोळून दिलं की मूल झोपतं आणि सकाळी काही झालंच नाही अशा थाटात पळतं. सूज नाही, लंगडणं नाही. संधिवाताचं वेळापत्रक याच्या बरोबर उलटं आहे, आणि म्हणूनच सकाळ बघा असा माझा आग्रह आहे.

सर्दी-तापानंतर अचानक खुबा दुखून मूल लंगडतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बरं होतं, असंही पुष्कळदा होतं. इथे एक महत्त्वाची बाब आहे: खुब्याचं दुखणं मुलं गुडघ्यात दाखवतात. गुडघा बघायला निर्दोष आणि तक्रार मात्र गुडघ्याची, असं असेल तर खुबा तपासायला सांगा. खुब्याला रक्त कमी पडण्याचा किंवा किशोरवयात मांडीच्या हाडाचं टोक सरकण्याचा आजारही असाच समोर येतो.

घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एका सांध्यातून दुसऱ्यात फिरत जाणारी, हात लावू न देणारी सांधेदुखी आणि ताप असेल तर ऱ्हुमॅटिक फीव्हरचा विचार लगेच व्हायला हवा, कारण त्यात हृदयाच्या झडपांना धोका असतो. एकच सांधा महिनोन्महिने सुजलेला असेल तर क्षयाचीही तपासणी होते.

आता ज्याला सहा आठवडे काय, सहा तासही थांबायचं नाही ते. ताप आहे, एकच सांधा खूप दुखतोय, मूल तो अजिबात हलवू देत नाही, त्या पायावर उभंच राहत नाही: हा सांध्यातला जंतुसंसर्ग असू शकतो आणि तो काही दिवसांत सांधा निकामी करू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. दुसरं, मूल रात्री दुखण्याने वारंवार जागं होतंय, सूज दिसते त्या मानाने दुखणं फारच जास्त आहे, हाडं दुखतायत, फिकट पडलंय, वजन उतरतंय, अंगावर कारण नसताना निळे डाग उठतायत: रक्ताचा कर्करोग कधीकधी सांधेदुखीचं रूप घेऊन येतो. म्हणूनच नीट तपासण्या होण्याआधी मुलाला स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करू नयेत. बरं वाटतं, पण रोग झाकला जातो. कोणी ‘पाच दिवस देऊन बघू’ म्हटलं तर आधी रक्ताची तपासणी झाली आहे का, हे नम्रपणे पण ठामपणे विचारा.

पायरी पाचवी: डॉक्टरांकडे

सुरुवात बालरोगतज्ज्ञांपासून करा. सूज टिकून असेल किंवा सकाळचं आखडणं दोन-तीन आठवडे चालूच असेल, तर मुलांच्या संधिवाताच्या तज्ज्ञांकडे पाठवण्याबद्दल विचारा. ‘६ आठवडे’ ही अट आजाराला नाव देण्यासाठी आहे, दवाखान्यात जाण्यासाठी नाही.

तपासण्यांबद्दल पालकांचा सर्वांत मोठा गोंधळ असतो, म्हणून थोडं विस्ताराने. संधिवात आहे की नाही हे ठरवणारी एकही रक्ततपासणी नाही. निदान होतं ते सांध्यावर हात ठेवून. ईएसआर आणि सीआरपी शरीरातला दाह दाखवतात, पण एक-दोन सांध्यांच्या संधिवातात ते अगदी नॉर्मल येऊ शकतात. ज्याला आपण आरए फॅक्टर म्हणतो तो, म्हणजे रक्तातलं एक प्रतिपिंड, या मुलांपैकी फार थोड्यांत सापडतो, त्यामुळे ‘आरए निगेटिव्ह आला, म्हणजे संधिवात नाही’ हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. तो पॉझिटिव्ह आला तरी किमान तीन महिन्यांच्या अंतराने पुन्हा करून बघावा लागतो. एएनए नावाची तपासणी अनेक निरोगी मुलांतही पॉझिटिव्ह येते. ती संधिवात सिद्ध करण्यासाठी नसते, निदान झालेल्या मुलात डोळ्यांना किती धोका आहे ते सांगण्यासाठी असते. एक्स-रे सुरुवातीला बहुधा काही दाखवत नाही, तो मोडलेलं हाड किंवा इतर आजार बाजूला काढण्यासाठी असतो. सांध्यातलं पाणी आणि जाड झालेलं अस्तर सोनोग्राफीत दिसतं, आणि जबडा किंवा कंबरेच्या सांध्यांसाठी एमआरआय लागतो.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि गुडघा सुजलेला, असं असेल तर खरा गुडघा, रिपोर्ट नव्हे.

पायरी सहावी: कोणता प्रकार, हे समजून घ्या

जेआयए हे एका आजाराचं नाव नाही, आजारांच्या गटाचं आहे, आणि औषध, डोळ्यांचा धोका, पुढची वाटचाल हे सगळं प्रकारावर ठरतं. त्यामुळे ‘आमच्या मुलाचा प्रकार कोणता’ हा पहिल्याच भेटीत विचारायचा प्रश्न. सध्याच्या वर्गीकरणात सात प्रकार आहेत.

सर्वांत जास्त आढळतो तो थोड्या सांध्यांचा प्रकार: पहिल्या सहा महिन्यांत चार किंवा त्याहून कमी सांधे. साधारण एक ते पाच वर्षांच्या मुलींमध्ये जास्त, गुडघा आणि घोटा नेहमीचे. सांध्यांच्या दृष्टीने हा सौम्य, डोळ्यांच्या दृष्टीने सर्वांत फसवा. सहा महिन्यांनंतर सांधे वाढत गेले तर तो पसरणारा मानतात. पाच किंवा जास्त सांधे असतील तर बहुसांधी प्रकार. त्यात आरए फॅक्टर नसलेला वेगळा आणि असलेला वेगळा. असलेला प्रकार किशोरवयीन मुलींत दिसतो, मोठ्यांच्या ऱ्हुमॅटॉइड संधिवातासारखा वागतो आणि त्याला पहिल्यापासून जोरकस औषध लागतं.

सहा वर्षांवरच्या मुलांमध्ये, विशेषतः मुलग्यांमध्ये, टाच दुखते, पायाचे सांधे सुजतात, खुबा किंवा कंबरेचा खालचा भाग धरतो. यात दाह स्नायुबंध हाडाला चिकटतात त्या जागी असतो आणि एचएलए-बी२७ या जनुकाची तपासणी अनेकदा पॉझिटिव्ह येते. खेळामुळे टाच दुखते असं समजून हा प्रकार वर्षानुवर्षं निसटतो. सोरायसिसशी जोडलेल्या प्रकारात कातडीवरचे चट्टे सांध्यांनंतर काही वर्षांनीही येऊ शकतात, म्हणून जाड बोट आणि नखांचे खड्डे महत्त्वाचे. कशातच नीट न बसणारी मुलं ‘अवर्गीकृत’ गटात जातात.

सातवा, सर्वांगाला धरणारा प्रकार, या सगळ्यांहून वेगळा आहे. इथे दार उघडतं ते तापाने. दिवसातून एकदा किंवा दोनदा ताप एकदम चढतो, मूल गळून जातं, आणि ताप उतरला की हसायला-खेळायला लागतं. असं दोन आठवडे आणि जास्त. ताप असताना अंगावर फिकट गुलाबी पुरळ उमटतं आणि तापाबरोबर नाहीसं होतं, म्हणून त्याचा फोटो ताप असतानाच काढून ठेवा. लसिका ग्रंथी, यकृत आणि प्लीहा वाढू शकतात. सांधे कधी पहिल्या दिवसापासून सुजतात, तर कधी आठवडे-महिने उलटल्यावर.

या प्रकारातला मोठा धोका पालकांना माहीत असायलाच हवा. रोगप्रतिकारशक्ती पूर्णपणे बेभान होते, चढ-उतार करणारा ताप आता उतरतच नाही, मूल सुस्त पडतं, नाकातून-हिरड्यांतून रक्त येतं किंवा अंगावर निळे डाग उठतात, रक्तातल्या पेशी कमी होतात, फेरिटिन नावाचं रक्तातलं प्रथिन खूप वाढतं. आणि चढलेला ईएसआर अचानक खाली येतो. तो उतरलेला बघून हायसं वाटतं, पण मूल जास्त आजारी दिसत असताना ईएसआर उतरणं ही वाईट खूण आहे. ताबडतोब रुग्णालय.

पायरी सातवी: डोळे, कुठलीही तक्रार नसताना

या आजारात साधारण दहातल्या एक-दोन मुलांना डोळ्याच्या आतल्या भागाचा दाह होतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, पाणी येत नाही. मूल तक्रार करत नाही आणि आईवडिलांना काही दिसत नाही. तोवर आत बाहुलीच्या कडा चिकटत असतात, मोतीबिंदू किंवा काचबिंदू तयार होऊ शकतो. उशीर झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते, तीही सांधे अगदी बरे दिसत असताना.

म्हणून निदान झाल्या-झाल्या नेत्रतज्ज्ञांकडे स्लिट लॅम्पने (बारीक प्रकाशझोत टाकून डोळ्याचा आतला भाग मोठा करून दाखवणारं यंत्र) तपासणी करून घ्या. टॉर्च मारून बघणं किंवा चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे. लहान वयात सुरू झालेला थोड्या सांध्यांचा प्रकार आणि एएनए पॉझिटिव्ह असेल तर सुरुवातीची काही वर्षं दर तीन महिन्यांनी जावं लागतं. इतरांना सहा ते बारा महिन्यांनी. पुढची तारीख दवाखान्यातून निघण्याआधीच घ्या. टाचदुखी-कंबरदुखीच्या प्रकारात मात्र डोळा अचानक लाल होऊन दुखतो, प्रकाश सहन होत नाही. तेव्हा ‘डोळे आले’ समजून घरातले थेंब घालू नका.

पायरी आठवी: औषधं, आणि त्यांची भीती

आज उपचारांचं ध्येय दुखणं कमी करणं एवढंच नाही, दाह पूर्ण विझवणं हे आहे. मूल हसत-खेळत आहे पण गुडघा सुजलेलाच आहे, ही स्थिती आता कोणी समाधानाची मानत नाही.

सुरुवातीला नॅप्रोक्सेन किंवा आयबुप्रोफेनसारखी दाह कमी करणारी औषधं देतात, जेवणानंतर घ्यायची. एक-दोन सांधे असतील तर सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन हा उत्तम उपाय आहे. लहान मुलांना गुंगी देऊन ते करतात. सूज अनेकदा काही दिवसांत उतरते आणि परिणाम कित्येक महिने टिकू शकतो. ‘सांध्यात सुई’ ऐकून पालक घाबरतात, ते स्वाभाविक आहे. पण औषध सगळ्या शरीरात फिरवण्यापेक्षा लागतं तिथेच देणं मुलासाठी जास्त हिताचं असतं.

सांधे जास्त असतील किंवा आजार परतत असेल तर मेथोट्रेक्सेट. १९९२ मध्ये मुलांवरच्या नियंत्रित चाचणीत त्याचा उपयोग दिसला आणि तेव्हापासून ते या उपचाराचा कणा आहे. इंटरनेटवर शोधलं की कर्करोगाचं औषध म्हणून नाव येतं आणि झोप उडते. इथला डोस त्या मानाने फार कमी असतो. तीन गोष्टी पाठ करा. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रोज नाही. चुकून रोज दिलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार ठरवा, डब्यावर तो वार मोठ्या अक्षरांत लिहा आणि घरात देणारी व्यक्ती एकच ठेवा. दुसरं, परिणाम दिसायला दीड ते तीन महिने लागतात, महिन्याभरात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नका. तिसरं, रक्तातल्या पेशी आणि यकृताच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तेव्हा झाल्याच पाहिजेत. मळमळ बऱ्याच मुलांना होते. कधीकधी गोळी बघूनच उमासे येतात. फॉलिक अ‍ॅसिड, रात्री देणं, गोळीऐवजी इंजेक्शन असे उपाय आहेत, तेव्हा ती सहन करायला लावण्यापेक्षा डॉक्टरांना सांगा.

त्यानेही भागलं नाही तर बायोलॉजिक औषधं: दाह पेटवणाऱ्या एकेका रेणूला अडवणारी इंजेक्शनं. इटानरसेप्टला १९९९ मध्ये अमेरिकेत मुलांच्या संधिवातासाठी मान्यता मिळाली. पुढे अ‍ॅडालिम्युमॅब आलं, ते डोळ्यांच्या दाहातही वापरतात. सर्वांगाला धरणाऱ्या प्रकारात अ‍ॅनाकिन्रा, कॅनाकिन्युमॅब, टोसिलिझुमॅब यांनी चित्रच पालटलं. ही औषधं सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी होते. स्टेरॉइडच्या गोळ्या शक्य तितक्या थोड्या काळासाठी वापरतात, पण त्या स्वतःहून एकदम बंद करू नका, ते धोक्याचं आहे.

या औषधांवर असताना ताप आला, कांजिण्या झालेल्या मुलाशी संपर्क आला, तर डॉक्टरांना कळवा. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांसारख्या जिवंत लसी विचारल्याशिवाय देऊ नका, निर्जीव लसी सहसा देता येतात. घरातल्या बाकीच्यांचं लसीकरण पूर्ण ठेवणं हे या मुलाचं संरक्षणच आहे.

विशिष्ट पदार्थ खाल्ल्याने किंवा बंद केल्याने हा आजार बरा होतो, याला आधार नाही. वाढत्या वयात पथ्यांची लांब यादी मुलाचं नुकसानच करते.

पायरी नववी: हालचाल, शाळा आणि मुलाचं मन

सांधा दुखतोय म्हणून मुलाला बसवून ठेवणं ही प्रेमापोटी केली जाणारी सर्वांत घातक गोष्ट. न हलवलेला सांधा आखडतो आणि वाकलेल्या स्थितीतच धरतो, स्नायू बारीक होतात. फिजिओथेरपी औषधाइतकीच नेमाने करा. पोहणं आणि सायकल या सांध्यांना मानवणाऱ्या गोष्टी, पण आजार आटोक्यात असेल तर बहुतेक खेळ खेळू द्यावेत. कुठपर्यंत जायचं हे मुलाला स्वतःला बरंच कळतं. आराम वाटतो म्हणून रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू देऊ नका, गुडघा वाकलेलाच राहायची सवय लागते. सकाळी कोमट पाण्याची आंघोळ लवकर घातली तर आखडणं लवकर सुटतं.

शाळेत वर्गशिक्षकांना लेखी कळवा: सकाळी उशीर होऊ शकतो, मधूनमधून उठून पाय मोकळे करायला परवानगी हवी, पुस्तकांचा एक संच शाळेतच ठेवता यावा, लिहायला जाड पेन आणि परीक्षेत थोडा जास्त वेळ. सर्वांत महत्त्वाचं, ‘सकाळी लंगडत होता, आता पळतोय, म्हणजे नाटक’ असं कोणी म्हणू नये म्हणून हा आजार तासातासाला बदलतो हे त्यांना समजावून सांगा. या शंकेने मुलं सांध्यांपेक्षा जास्त दुखावतात.

मुलाशी खरं बोला. सुई दुखणार असेल तर ‘दुखेल, थोडा वेळ’ असं सांगा. चार-पाच वर्षांच्या मुलाला वाटू शकतं की आपण काहीतरी चुकीचं केलं म्हणून हे झालं, तेव्हा ते तसं नाही हे न विचारताही सांगत राहा. दहा-बारा वर्षांपासून औषधाचं नाव आणि वार त्याला स्वतःला माहीत असू द्या. किशोरवयात मेथोट्रेक्सेटवर असताना दारू आणि गर्भधारणा का टाळायची, हेही डॉक्टरांकडून स्पष्ट बोललं जायला हवं.

पायरी दहावी: चढ, उतार आणि औषध थांबवणं

काही मुलांचा आजार शांत होतो आणि परत येत नाही, काहींचा मोठेपणीही राहतो. थोड्या सांध्यांच्या प्रकारात शक्यता जास्त चांगली, आरए पॉझिटिव्हमध्ये कमी. कोणीही पहिल्या भेटीत खात्रीने सांगू शकत नाही, आणि सांगितलं तर त्यावर फार विसंबू नका. मध्येच सूज परतली तर वहीत तारीख लिहा, आधी काही संसर्ग झाला होता का ते बघा आणि ठरलेल्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

आजार शांत झाल्यावर औषध लगेच बंद होत नाही, बरेच महिने शांतता टिकल्यावर तज्ज्ञ ते हळूहळू कमी करतात. सूज गेली म्हणून स्वतःहून डोस चुकवणं हे आजार परतण्याचं नेहमीचं कारण आहे. औषध थांबल्यानंतरच्या काळात डोळ्यांचा दाह उलटण्याची शक्यता वाढते, त्यामुळे तेव्हाच स्लिट लॅम्पच्या तपासण्या थोड्या जवळजवळच्या अंतराने ठेवाव्या लागतात. सांध्यांच्या डॉक्टरांनी ‘आता वर्षाने या’ म्हटलं तरी नेत्रतज्ज्ञांची तारीख वेगळी विचारून घ्या.